गळणारी मायट्रल झडप क्लिपने जोडताना: जांघेतल्या शिरेपासून पाकळीच्या कडेपर्यंत

छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन हृदयाची गळकी झडप दुरुस्त करता येते, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. क्लिपबद्दल सगळे बोलतात. पण क्लिप बसवणं हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. पाकळ्या पकडायला काही सेकंद पुरतात. ती पकड जमणार की नाही हे मात्र दोन ठिकाणी आधीच ठरलेलं असतं: काही दिवस आधी केलेल्या इकोत (ध्वनिलहरींनी काढलेल्या हृदयाच्या चित्रात), आणि दोन अलिंदांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्याला नेमकं कुठे भोक पाडलं त्यात. खालच्या मजकुरात या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे, ती त्यामुळेच.

मायट्रल झडप डाव्या अलिंदाच्या आणि डाव्या निलयाच्या (खालच्या कप्प्याच्या) मधे असते. तिला दोन पाकळ्या. पुढची पाकळी उंच, पण झडपेच्या कड्याचा जेमतेम एक तृतीयांश घेर व्यापणारी. मागची बुटकी, पण उरलेला सगळा घेर तिच्याकडे. डॉक्टर या पाकळ्यांचे तीन-तीन भाग पाडतात: पुढचीचे ए१, ए२, ए३ आणि मागचीचे पी१, पी२, पी३. निलय आकुंचन पावतं तेव्हा दोन्ही कडा एकमेकींना काही मिलिमीटर टेकून बसतात आणि मागची वाट बंद होते. हे टेकणं सुटलं की दर ठोक्याला रक्ताचा काही भाग महाधमनीऐवजी उलटा अलिंदात जातो आणि तिथला दाब फुप्फुसांवर चढतो. मग जिना चढताना दम लागतो, झोपताना उशा वाढवाव्या लागतात, पायांवर सूज येते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिलानचे हृदयशल्यविशारद ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी एक अगदी साधी युक्ती रूढ केली. पुढच्या आणि मागच्या पाकळीच्या कडा मधोमध एका टाक्याने शिवून टाकायच्या. झडपेला एका मोठ्या दाराऐवजी दोन छोटी दारं होतात, रक्त खाली जायला दोन्ही पुरतात, आणि गळतीची जागा बंद होते. कॅथेटरने बसवायची क्लिप म्हणजे तोच टाका, धाग्याऐवजी चिमट्याचा. माणसावर तिचा पहिला वापर २००३ साली काराकासमध्ये झाला. मायट्राक्लिप या नावाने आलेल्या या क्लिपला युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१३ मध्ये. पुढे पास्कल नावाचं दुसरं उपकरणही आलं.

गळती कोणत्या जातीची?

हा पहिला प्रश्न. याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्राथमिक गळतीत दोष झडपेतच असतो. पाकळी सैल होऊन अलिंदात फुगते, किंवा तिला धरून ठेवणारी दोरी तुटते आणि पाकळीचा तुकडा मोकळा फडफडतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया झेपणार असेल आणि हात तयार असलेला सर्जन उपलब्ध असेल, तर शस्त्रक्रियेने केलेली दुरुस्ती आजही सरस ठरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हरेस्ट-२ चाचणीत २७९ रुग्ण होते. वर्षभरात पुन्हा झडपेची शस्त्रक्रिया करावी लागली ती क्लिपच्या गटात सुमारे २० टक्के लोकांना आणि शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २ टक्के. उलट पहिल्या ३० दिवसांतल्या मोठ्या अडचणी क्लिपच्या गटात बऱ्याच कमी होत्या, १५ टक्के विरुद्ध ४८. त्या फरकातला मोठा वाटा रक्त चढवावं लागण्याचा होता. म्हणून प्राथमिक गळतीत क्लिप मुख्यतः वय, अशक्तपणा किंवा इतर आजारांमुळे शस्त्रक्रियेचा धोका जास्त असलेल्यांसाठी.

दुय्यम गळतीत पाकळ्या बहुधा धडधाकट असतात, बिघडलेलं असतं ते घर. हार्ट अटॅकनंतर किंवा स्नायूच्या आजाराने निलय फुगतं, पाकळ्यांच्या दोऱ्या खाली-बाहेर ओढल्या जातात आणि कडा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. दीर्घकाळ एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदाचे अनियमित ठोके) असेल तर अलिंद आणि झडपेचं कडं पसरूनही असंच होतं. इथे आधी औषधं, तीही पूर्ण मात्रेत आणि पुरेसा वेळ देऊन. गरज असेल तर दोन्ही निलयांना ताळ्यावर आणणारा पेसमेकरही आधी. निलय आकसलं की गळती आपोआप कमी झालेली बरेचदा दिसते. तरीही गंभीर गळती आणि त्रास उरला तर क्लिप.

याबाबत २०१८ मध्ये दोन चाचण्या आल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध होते. कोऍप्टमध्ये ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत क्लिपच्या गटात मृत्यूचं प्रमाण २९.१ टक्के, फक्त औषधांच्या गटात ४६.१ टक्के. फ्रान्सच्या मायट्रा-एफआरमध्ये ३०४ रुग्ण होते आणि वर्षभरात क्लिपचा काही फायदा दिसला नाही. रुग्णांची निवड पाहिली की कोडं बरंचसं उलगडतं. कोऍप्टमध्ये गळतीचं भोक सरासरी ०.४१ चौरस सेंटीमीटर होतं आणि निलय त्या मानाने कमी फुगलेलं. मायट्रा-एफआरमध्ये भोक ०.३१ आणि निलय पुष्कळ मोठं. ज्याच्या दम लागण्यामागे गळती आहे त्याला गळती बुजवून आराम पडतो. ज्याचं निलयच थकलंय त्याची गळती बुजवली तरी थकवा तिथेच राहतो. कोऍप्टचे निकष आजही हाताशी ठेवण्यासारखे आहेत: इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला निलयातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) २० ते ५० टक्के, आकुंचनाच्या शेवटी निलयाचा व्यास ७० मिलिमीटरपर्यंत, फुप्फुस धमनीतला दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरपर्यंत.

इकोत काय मोजायचं

छातीवरून केलेली इको गळती दाखवते, पण क्लिपचा निर्णय अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर, म्हणजे टीईईवर होतो. गळती गंभीर म्हणायची तर उलट्या धारेची मान (तिच्या सर्वांत अरुंद भागाची रुंदी) ७ मिलिमीटर किंवा जास्त, भोक ०.४ चौरस सेंटीमीटर, दर ठोक्याला मागे जाणारं रक्त ६० मिलिलिटर आणि गळतीचं प्रमाण ५० टक्के, अशा खुणा एकमेकींशी जुळाव्या लागतात. दुय्यम गळतीत भोक गोल नसून लांबट चंद्रकोरीसारखं असतं, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने ते खऱ्यापेक्षा लहान येतं. एकाच आकड्यावर विसंबू नये.

गंभीर आहे हे ठरलं, पण क्लिप बसेल का? ते वेगळ्या मोजमापांवर.

झडपेचं उघडं क्षेत्रफळ शक्यतो ४ चौरस सेंटीमीटर किंवा जास्त हवं. क्लिप बसली की ते जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. मुळात ३ असलेल्या झडपेला क्लिप लावली तर गळतीच्या जागी अडथळा हाती येतो. मागच्या पाकळीची पकडण्याजोगी लांबी किमान ७ मिलिमीटर, १० असेल तर निर्धास्त. मोकळ्या फडफडणाऱ्या तुकड्याची दुसऱ्या पाकळीपासूनची उभी फट १० मिलिमीटरच्या आत आणि तुकड्याची रुंदी १५ च्या आत. ओढलेल्या झडपेत कडांचं टेकणं किमान २ मिलिमीटर आणि कड्यापासून टेकण्याच्या जागेची खोली ११ मिलिमीटरपर्यंत. हे आकडे एव्हरेस्ट चाचणीच्या काळातले. लांब बाहूंच्या क्लिपा आल्यावर अनुभवी हात याच्या पुढेही जातात, पण नव्याने सुरू करणाऱ्या केंद्राने या रेषेच्या आत राहिलेलं बरं.

मग पाहायचं धार कुठून येते. ए२–पी२ च्या मधून येणारी एकच धार ही सर्वांत सोपी केस. तिथे दोऱ्या कमी असतात. कोपऱ्यांकडे, म्हणजे ए१–पी१ किंवा ए३–पी३ जवळ, दोऱ्यांची दाटी असते आणि क्लिप त्यांत अडकायची भीती. पकडण्याच्या जागी कॅल्शियम असेल तर चिमटा धरत नाही किंवा पाकळी फाटते. मागच्या पाकळीत खोल चीर असेल तर क्लिप नीट बसूनही चिरेतून गळत राहतं. ही चीर त्रिमिती चित्रात नीट दिसते आणि साध्या चित्रात हमखास निसटते.

क्लिप करू नये असे रुग्ण: झडपेवर चालू जंतुसंसर्ग, अलिंदात किंवा वाटेतल्या शिरांत रक्ताची गुठळी, संधिवाताच्या तापाने जाड होऊन आकसलेली झडप, आणि रक्त पातळ करणारी औषधं अजिबात घेता न येणारे.

आधीचे दिवस

दात तपासून घ्यावेत. किडलेला दात किंवा हिरडीतला पू झडपेवर नवी धातूची वस्तू बसवण्याआधी निस्तरलेला बरा. निकेलसारख्या धातूची ऍलर्जी असेल तर आधी सांगायची, कारण उपकरणात कोबाल्ट-क्रोमियम आणि निकेल-टायटॅनियमचे भाग असतात, वर पॉलिएस्टरचं कापड. गिळताना अडकणं, अन्ननलिका अरुंद असणं, तिथल्या शिरा फुगलेल्या असणं हेही सांगायलाच हवं. टीईईची नळी तासन्‌तास घशात राहणार असते आणि त्या नळीनेच इजा झाल्याच्या घटना घडतात.

रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे गोळी कोणती आणि किडनी कशी यावर ठरतं. स्वतःहून बंद करू नये. अंगात पाणी साठलेलं असेल तर आठवडाभर आधी ते उतरवून घेतात. फुप्फुसात पाणी असलेल्या माणसाला भूल देऊन सपाट झोपवणं जोखमीचं असतं आणि तेव्हाची गळतीची मापंही फसवी येतात.

टेबलावर

बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देतात. रुग्ण हलू नये हे कारण आहेच, शिवाय टीईई सतत चालू ठेवायची असते आणि पडदा छेदताना किंवा पाकळी पकडताना काही सेकंद श्वास रोखून धरता येतो. खोलीत दोन माणसं बरोबरीची: कॅथेटर हाताळणारा आणि इको दाखवणारा. दोघांची भाषा जुळलेली नसेल तर कितीही चांगलं उपकरण असून उपयोग नाही. ‘थोडं इकडे’ हा शब्द या खोलीत बंद असावा. ‘पुढे, मागे, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला’ एवढंच बोलायचं.

उजव्या जांघेतली मोठी शीर अल्ट्रासाउंड लावून टोचतात. मार्गदर्शक कॅथेटर २४ फ्रेंच, म्हणजे व्यास ८ मिलिमीटर. पडद्यापाशी ते २२ फ्रेंचपर्यंत निमुळतं होतं. एवढं भोक शेवटी बंद करण्यासाठी टाके टाकणारी उपकरणं आधीच लावून ठेवतात, किंवा शेवटी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका घालतात.

आता पडदा. या सगळ्या कामातली सर्वांत निर्णायक पाच मिनिटं हीच. दोन अलिंदांमधल्या पडद्यात एक पातळ खळगा असतो. सुई त्याच्या वरच्या आणि मागच्या भागातून न्यायची. सुई टेकवली की पडदा तंबूसारखा आत ढकलला जातो, आणि तो तंबू तीन चित्रांत पाहायचा. दोन्ही महाशिरा एकत्र दिसतात त्या चित्रात वर-खाली. महाधमनीच्या आडव्या छेदात पुढे-मागे. इथे तंबू महाधमनीपासून दूर हवा. आणि चार कप्प्यांच्या चित्रात तंबूच्या टोकापासून झडपेच्या पातळीपर्यंतची उंची मोजायची: साधारण ४ ते ४.५ सेंटीमीटर.

ही उंची सगळ्यांना सारखी नसते. पाकळी वर फुगून फडफडत असेल तर पकड वर होणार, म्हणून उंची ४.५ ते ५ कडे. पाकळ्या खाली ओढलेल्या असतील तर पकड खोल होणार, मग ४ किंवा थोडं कमीही चालतं. गळती आतल्या कोपऱ्याकडे, पडद्याच्या बाजूला असेल तर तिकडे वळताना उंची खर्च होते. म्हणून जरा वर टोचायचं. उंची कमी पडली की क्लिप झडपेच्या वर उघडायलाच जागा उरत नाही. फार पुढे टोचलं तर कॅथेटर महाधमनीला चिकटून राहतं आणि कितीही फिरवलं तरी क्लिप सरळ उभी राहत नाही. मग अर्धा तास झगडण्यापेक्षा बाहेर येऊन पुन्हा टोचणं स्वस्त पडतं. जन्मतः उघडी राहिलेली छोटी खिडकी काहींच्या पडद्यात असते. तिच्यातून फुकट वाट मिळते म्हणून जाऊ नये. ती पुढच्या बाजूला असते.

सुई पार होताच हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, पूर्ण मात्रेत, काही ठिकाणी त्यातलं थोडं आधीच. गोठण्याची वेळ किमान २५० सेकंद आणि दर अर्ध्या तासाने तपासणी. कडक तार डाव्या वरच्या फुप्फुस शिरेत ठेवायची. तारेचं टोक अलिंदाच्या कानात, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत, गेलं तर तिथली भिंत कागदासारखी असते. तारेवरून मार्गदर्शक कॅथेटर पडद्यापलीकडे साधारण २ सेंटीमीटर नेतात, मग आतला डायलेटर (वाट रुंदावणारी निमुळती नळी) आणि तार हळूहळू काढतात.

इथे हवा. एवढ्या रुंद नळीतून डायलेटर झटक्यात ओढला तर पोकळी होते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. डाव्या बाजूला गेलेला बुडबुडा मेंदूकडे किंवा उजव्या कोरोनरी धमनीत जातो. ईसीजीत एसटी नावाचा रेषेचा भाग एकाएकी वर चढलेला दिसला तर आधी हवेचा संशय घ्यायचा. म्हणून सगळं सावकाश. नळीत रक्त आपसूक मागे येऊ द्यायचं, क्लिप आत घालताना तोंडाशी सलाईनची धार चालू ठेवायची. रुग्ण कोरडा पडला असेल तर अलिंदातला दाब कमी असतो आणि हवा ओढली जाण्याची शक्यता वाढते. थोडं सलाईन आधीच द्यावं.

क्लिप बाहेर आली की ती कानाच्या आणि फुप्फुस शिरेच्या मधल्या कंगोऱ्याला घासू न देता खाली वळवायची. वळवताना टोक सतत इकोत दिसलंच पाहिजे. ते दिसत नसेल तर हात थांबवायचा, अंदाजाने पुढे जायचं नाही. मग त्रिमिती चित्र, वरून पाहिल्यासारखं, महाधमनी बारा वाजता. बाहू १८० अंश उघडून ते पाकळ्यांच्या टेकण्याच्या रेषेला काटकोनात आणायचे. मधल्या भागात म्हणजे बारा-सहाच्या दिशेत. कोपऱ्याकडे ती रेषा वळते, तसा काटाही फिरवावा लागतो. धारेच्या बरोबर वर क्लिप आली की उभ्या-आडव्या दोन्ही चित्रांत एकदा खात्री करून निलयात उतरायचं. उतरताना क्लिप थोडी फिरते, त्यामुळे खाली जाऊन दिशा पुन्हा पाहायची. खाली मोठं फिरवायचं नाही. दोऱ्या तिथेच असतात. फार चुकलं असेल तर बाहू उलटे करून अलिंदात परत यायचं.

बाहू १२० अंशांवर आणायचे आणि हळू वर ओढायचं. लांब अक्षाच्या चित्रात दोन्ही पाकळ्या बाहूंवर येऊन बसलेल्या दिसल्या की पाकळ्यांना वरून बाहूंवर दाबून धरणारे पकडक सोडायचे, मग क्लिप ६० अंशांपर्यंत मिटायची. पुढे मिटण्याआधी थांबायचं. प्रत्येक पाकळी बाहूच्या आत किती गेली आहे, तिची हालचाल मुळाशी थांबली आहे का, हे दोन-तीन कोनांतून पाहायचं. नवीन उपकरणांत दोन्ही पकडक वेगवेगळे सोडता येतात: एक पाकळी नीट धरली आणि दुसरी कडेवर असेल तर तेवढीच सोडून पुन्हा आत घेता येते. सोय चांगली आहे, पण वारंवार वापरली तर पाकळी कुरतडली जाते. पाकळी हाताला लागतच नसेल तर श्वास रोखणं, क्वचित वेगवान पेसिंगने किंवा ऍडेनोसिनने हृदय क्षणभर शांत करणं, हे मार्ग असतात.

क्लिपच्या मापाबद्दल थोडं. मायट्राक्लिपच्या चौथ्या पिढीत चार मापं आहेत. बाहू ९ किंवा १२ मिलिमीटर लांब, आणि रुंदी ४ किंवा ६ मिलिमीटर. बुटक्या पाकळीला किंवा छोट्या झडपेला लांब बाहू लावण्याचा मोह टाळावा; ताण वाढतो. रुंद गळती आणि ऐसपैस झडप असेल तर रुंद क्लिपने दुसरीची गरज वाचते.

सोडायची की नाही?

क्लिप पूर्ण मिटली तरी ती अजून तारेला जोडलेली असते. उघडून दुसरीकडे लावता येते, काढूनही घेता येते. सोडली की परतीचा रस्ता नाही. म्हणून हिशेब आत्ताच करायचा.

उरलेली गळती सौम्य किंवा त्याहून कमी हवी. झडपेवरचा सरासरी दाबफरक ५ मिलिमीटरच्या आत. नाडी वेगाने चालत असेल तर हा आकडा फुगतो, म्हणून नाडी लिहून मगच तो वाचायचा. फुप्फुस शिरांतला प्रवाह आधी उलटा जात असेल तर तो सुलटा झाला का? अलिंदातल्या दाबाची उंच लाट खाली आली का? हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

आणि एक सापळा आहे. भुलीत रक्तदाब उतरतो, आणि रक्तदाब उतरला की गळती लहान दिसते. वरचा दाब ९० असताना सुंदर दिसणारी दुरुस्ती वॉर्डात १४० वर गळू लागते. निकाल देण्याआधी औषधाने दाब रुग्णाच्या नेहमीच्या पातळीवर चढवून पुन्हा पाहावं. ही दोन मिनिटं वाचवू नयेत.

गळती उरली आणि दाबफरक ३ असेल तर दुसरी क्लिप पहिलीला खेटून, समांतर. दोन क्लिपांमध्ये फट ठेवली तर त्या फटीतून हट्टी धार निघते. दाबफरक आधीच ५ असेल तर थोडी गळती पत्करणं बहुधा शहाणपणाचं. अरुंद झडप घेऊन घरी जाणाऱ्याला बरं वाटत नाही.

बिघडतं ते कुठे

एक पाकळी निसटून क्लिप दुसऱ्या पाकळीला लटकत राहणं, ही या कामातली खास अडचण. कारण बहुतेक वेळा एकच: मिटताना पाकळी आत पुरेशी नव्हती आणि चित्र स्पष्ट नसतानाही ‘बसली असेल’ म्हणून सोडली गेली. बहुतांश प्रकरणं पहिल्या काही दिवसांत कळतात, म्हणून घरी सोडण्याआधीची इको टाळायची नसते. शेजारी दुसरी क्लिप लावून पहिली स्थिर करता येते. क्लिप पूर्ण सुटून रक्तात वाहून जाणं फार विरळ.

पडद्याच्या वेळी सुई अलिंदाच्या भिंतीतून बाहेर गेली तर हृदयाच्या पिशवीत रक्त साठतं. रक्तदाब विनाकारण घसरला की पहिली नजर इकोतल्या त्या पिशवीकडे. मग हेपारिनचा परिणाम औषधाने उलटवणं आणि सुईने रक्त काढणं. जांघेत रक्तस्राव सर्वांत जास्त वेळा होतो आणि सर्वांत सहज आटोक्यात येतो. पडद्याचं भोक बहुतेकांत लहान होत जातं. उजव्या बाजूचा दाब जास्त असेल आणि निळं रक्त डावीकडे जाऊन ऑक्सिजन घसरला, तर तिथल्या तिथे प्लग लावतात.

थकलेल्या निलयात आणखी एक गोष्ट घडते. गळती म्हणजे निलयाला मिळालेली सोपी पळवाट होती. ती एकदम बंद झाली की सगळं रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं आणि काही निलयं पहिल्या तासांत ढेपाळतात. औषधांनी बहुधा सावरतात, पण इजेक्शन फ्रॅक्शन खूप कमी असलेल्याला पहिली रात्र अतिदक्षता विभागात ठेवलेलं बरं.

घरी गेल्यावर

चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी चालायचं. गुंतागुंत नसेल तर बरेच जण एक ते तीन दिवसांत घरी जातात. आठवडाभर जड उचलायचं नाही आणि शौचाला कुंथायचं नाही, दोन्ही जांघेसाठी. टोचल्या जागी वाढती गाठ, ताप, बोलताना अडखळणं, हातापायात एकाएकी कमजोरी यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नये.

रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते अंगावर चढलेलं पाणी असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस हे प्रत्येकाचं वेगळं: फिब्रिलेशन असलेल्याची जुनी गोळी चालू राहते, नसलेल्याला काही महिने ऍस्पिरिनसारखी गोळी, कधी सुरुवातीला दोन. दुय्यम गळतीत हार्ट फेल्युअरची औषधं थांबवण्याची चूक सर्रास होते, ‘झडप तर दुरुस्त झाली’ या समजुतीने. क्लिपने निलय बरं केलेलं नसतं. उलट रक्तदाब थोडा सुधारल्याने आधी न झेपणाऱ्या मात्रा आता वाढवता येतात, आणि वाढवाव्यात.

दात काढणं किंवा हिरडीचं काम करण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं. क्लिपचं कार्ड पाकिटात ठेवावं. एमआरआय ठरावीक अटींवर करता येतो आणि त्या अटी कार्डावरून कळतात. इको महिन्याने, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेलाही हेच तंत्र लावतात, आणि तिथे पडदा छेदावाच लागत नाही. तरी काम सोपं नाही. झडप अन्ननलिकेपासून लांब असल्याने चित्र धूसर, फटी मोठ्या, पाकळ्या तीन तर कधी चार, वर पेसमेकरची वायर मधे. २०२३ च्या ट्रायल्युमिनेट चाचणीत ३५० रुग्णांमध्ये फायदा दिसला तो मुख्यतः रोजचं जगणं सुधारण्यात; मृत्यूच्या प्रमाणात वर्षभरात फरक नव्हता. नातेवाइकांना हे सांगूनच पुढे जावं.

मायट्रल गळती काही वर्षांनी परतली तर जागा आणि दाबफरक पाहून दुसरी क्लिप लावता येते. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर मात्र क्लिपभोवती पाकळीचे तंतू घट्ट झालेले असतात, ती सोडवताना पाकळी फाटते, आणि सर्जनला झडप दुरुस्त करण्याऐवजी बहुतेकदा बदलावीच लागते. शस्त्रक्रिया झेपणाऱ्या, कमी वयाच्या रुग्णासमोर हा मुद्दा पहिल्या क्लिपच्या आधीच्या बैठकीत मांडायचा असतो, सर्जन त्या खोलीत बसलेला असताना.